लाईन असतानाची आंघोळ

हिवाळा आला की मला राग येतो. बाकीच्यांना हुरडा आठवतो, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा आठवतात, उन्हात पाठ देऊन खाल्लेली बोरं आठवतात. मलाही आठवतात, नाही असं नाही. पण त्या सगळ्याच्या आधी डोळ्यांसमोर येतो एक पितळी नळ, आणि दात आपोआप आवळले जातात. अकोला सोडून अमरावतीला येऊन किती वर्षं झाली. तरी आजही कुठल्याही न्हाणीत गेले की नळाला मी आधी बोटांची मागची बाजू टेकवते. चटकन टेकवायची आणि काढायची. काही नसलं तर मग हात लावायचा.

या वर्षी थंडी उशिरा आली आणि आली ती एकदम. परवा सकाळी माझी मुलगी सायली, सुट्टीत होस्टेलवरून आलेली, न्हाणीतून ओरडली, "आई, नळाला मुंग्या येतात गं!" हसतच म्हणाली. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावले आणि आधी मेन स्विच पाडला. फ्रिजची घरघर थांबली. मग गिझर दुरुस्त करणाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, थंडीनं हात बधिर होतात ना, कधी कधी भास होतो. तरी दोन-तीन दिवसांत माणूस पाठवतो."

त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला. सायली डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी. "आई, एवढं काय झालं? साधा गिझर तर बिघडला."

पातेल्यात पाणी तापायला ठेवलं आणि तिला काहीच सांगितलं नाही. नंतर वाटलं, सांगायला हवं होतं.

माझं लग्न झालं ती वर्षं वऱ्हाडासाठी वाईट होती. कपाशी हातची जायची. रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव कानावर यायचं, आणि ते नाव कशासाठी आलं हे विचारावं लागत नसे. पांढऱ्या गाड्यांतून माणसं यायची, पाहून जायची. आणि लाईन जायची. वीज म्हणत नाही कोणी आमच्याकडे, लाईन म्हणतात. लाईन आली, लाईन गेली. दिवसाचा सगळा संसार या दोन वाक्यांच्या मध्ये बसवायचा. दळण, पाणी भरणं, मिक्सर, इस्त्री, सगळं.

अकोल्याला सासरी आम्ही चौघं होतो. सासरे, ज्यांना मी बाबा म्हणायची, सासूबाई, म्हणजे आई, माझा नवरा अविनाश, आणि मी. बाबांचं कापूस बाजाराच्या रस्त्याला बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर राग सोपा झाला असता. दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजल्याशिवाय बाबा सोडत नसत. घरात आवाज चढवून बोललेलं मी कधी ऐकलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर हसून म्हणायचे, "आज समुद्र आला वाटते घरी."

हिवाळ्यात आमच्या घरातल्या आंघोळींचा एक क्रम होता. पहाटे लाईन असायची आणि उजाडता उजाडता जायची. त्यामुळे आई आणि मी अंधारात उठायचो. आंघोळ केल्याशिवाय चुलीला, म्हणजे गॅसला, हात लावायचा नाही असा आईंचा नेम. गिझरचं बटन चालू, टाकीत पाणी तापतंय, आणि त्याच पाण्यानं आधी आई, मग मी. आम्ही जेवढं पाणी काढायचो तेवढं थंड पाणी टाकीत भरायचं आणि ते लाईन जायच्या आत पुन्हा तापायला हवं, कारण नंतर बाबा आणि अविनाश. म्हणून बटन बंद करायचं नाही. पुरुषांच्या आंघोळी लाईन गेल्यावर, सकाळच्या उजेडात, निवांत. गिझरच्या टाकीत पाणी बराच वेळ कढत राहायचं. बाबा आत गाणं गुणगुणायचे.

दिवाळीनंतरच्या थंडीत मला पहिल्यांदा ते लागलं. नळ उघडायला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण गेली, जणू कोणी शिरेत सुया टोचत टोचत वर नेल्या. मी हात झटकला. वाटलं, कोपर कुठे आपटलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ओल्या हातानं लावला तर दातांत कळ गेली.

मी अविनाशला सांगितलं. तो बँकेत होता, घरातली विजेची किरकोळ कामं तोच करायचा. चहा पिऊन झाल्यावर टेस्टर घेऊन न्हाणीत गेला, नळाला लावला, वळून माझ्याकडे पाहिलं.

"पाह्य. पेटला का लाईट? काही नाही."

"पण लाईन तं गेली आहे आता," मी म्हणाले. "लाईन असताना पाहा ना."

त्याच्या हातात टेस्टर तसाच. क्षणभर त्यालाही ते कळलं असावं, कारण कान लाल झाले. पण कळणं वेगळं आणि बायकोसमोर कळणं वेगळं. "तू मले शिकवून राहिली का आता?" म्हणाला आणि टेस्टर शर्टाच्या खिशात खोचून गेला. पहाटे उठून पाहीन असं त्यानं त्यानंतर कितीदा तरी म्हटलं. पहाटे हीव वाजायचं. रजई जड असायची.

मग बाबांना सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवून नीट ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाले, "बाई, मी बी रोज त्याच नळानं आंघोळ करतो. माह्या हाताले तं काही लागत नाही. हिवाळ्यात हात बधिर होते माणसाचा, भास होते." प्रेमानं म्हणाले. वर म्हणाले, "मोजे घालत जा रात्री."

मी समजावून सांगितलं की तुमच्या वेळी लाईन नसते. "हाव हाव," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत उठले.

त्याच आठवड्यात मी दुकानात त्यांचा डबा द्यायला गेले होते. दर्यापूरकडचा एक शेतकरी आला होता. त्यानं रुमालात बांधून आणलेली बोंडं काउंटरवर सोडली आणि एक बोंड नखानं फोडून बाबांपुढे धरलं. आत अळी, गुलाबी, जिवंत, अंगाचं वेटोळं करून बसलेली. "भाऊ, दोन डाव फवारलं. पाहा ना कशी पोसली." बाबांनी बोंडाला हात लावला नाही. चहा मागवला. म्हणाले, "पाणी जास्त घातलं असन फवाऱ्यात. आपल्या औषधानं मरत नाही असं होतच नाही." तो माणूस अळीकडे पाहत राहिला. अळी काउंटरवर चालू लागली होती. त्यानं ती बोटानं उचलून परत रुमालात ठेवली, चहा प्यायला आणि गेला. मी डबा ठेवला. मला त्या माणसाच्या मागे धावत जाऊन काहीतरी म्हणावंसं वाटलं. काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

शेवटी मी आईंना विचारलं. त्यांना का आधी विचारलं नाही, तर त्या काही बोलत नसत. नेमकं, मोजकं, कामापुरतं. पहाटे त्या न्हाणीतून बाहेर आल्या, केस पुसत होत्या. मी म्हणाले, "आई, तुमाले नळाचा करंट लागते का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "लागते ना. मागच्या हिवाळ्यापासून."

मी तिथेच उभी राहिले. मागच्या हिवाळ्यापासून. म्हणजे मी या घरात यायच्या आधीपासून.

मग त्यांनी मला आत नेलं आणि खिळ्याला लटकवलेलं जुन्या लुगड्याचं एक फडकं दाखवलं. "हे कोरडं ठेवाव. आंगावर पाणी घ्यायच्या आंधी याच्यानं नळ खोलाव, बादली भरून घ्याव, याच्यानंच बंद कराव. मंग हात नाही लावाव नळाले. पाटावर उभं राहाव, फरशीवर नाही." एखादं लोणचं कसं मुरवायचं ते सांगावं, तसं सांगितलं. शांतपणे. कृती, साहित्य, काळजी.

मला त्या बाईचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. अहो, हे शिकवायचं असतं का सुनेला? ओरडायचं असतं. ताट फेकायचं असतं. वर्षभर ही बाई रोज पहाटे मरणाशी फडक्यानं हात मिळवते आणि बाहेर येऊन चहा ठेवते! मला वाटलं, या घरात काही बदलत नाही ते हिच्यासारख्यांमुळे. असल्या मुक्या बायांमुळे.

मी बटन बंद करायला लागले. माझी आंघोळ सुरू करण्याआधी खटकन बंद. दोन दिवस मी निर्धास्त मनानं, मोकळ्या हातानं आंघोळ केली. तिसऱ्या दिवशी बाबा जेवताना अगदी हळू म्हणाले, "पाणी कोमट होतं आज बी." एवढंच. दुसऱ्या पहाटे मी बंद केलेलं बटन आईंनी बाहेरून पुन्हा चालू केलं. मी आत होते. लाल दिवा लागलेला मला दिसला. मी ओल्या अंगानं, पाटावर, भिंतीला अंग लागू न देता उभी राहिले आणि दार वाजवून ओरडले, "आई, बंद करा!" त्यांनी केलं. पण दोघींनाही कळलं होतं की असं रोज चालायचं नाही. मी पुन्हा फडक्यावर आले.

पौषातल्या एका पहाटे, फडकं आदल्या रात्री धुतलेलं आणि पुरतं न वाळलेलं, आई आत गेल्या. मी अंगण झाडत होते. आधी तांब्या पडल्याचा आवाज आला, मग कशाचा तरी जड, मऊ आवाज. त्यांनी आतून कडी लावलेली नव्हती, देवाची कृपा. त्या भिंतीशी मुटकुळं होऊन पडल्या होत्या. डावा हात अंगाखाली, तोंड उघडं, आवाज नाही. मी आधी बटन पाडलं आणि मग त्यांना हात लावला. त्यांचं अंग गार होतं आणि कढत पाणी नळातून वाहतच होतं, वाफ निघत होती. त्या वाफेत त्यांना धरून बसलेली मी माझ्या नवऱ्याच्या नावानं किंचाळत होते.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं, मावशी?"

"पाय घसरला न्हाणीत," बाबा म्हणाले.

"करंट लागला," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि मग आईंकडे. आईंनी डोळे मिटले. "घसरला," त्या म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात बाबांनी आईंचा चांगला हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. ते खरंच घाबरले होते. आल्या आल्या त्यांनी बाजारातून रबरी चटई आणली, नवा खराटा आणला आणि मला म्हणाले, "बाई, न्हाणी घासून घे बरं चांगली. शेवाळ धरलं असन." मी ती न्हाणी घासली. गुडघ्यांवर बसून घासली. शेवाळाचं नावनिशाण नव्हतं त्या फरशीवर. इतक्या जोरानं मी आयुष्यात दुसरं काही घासलं नसेल. बोटांची सालं निघाली.

रागाबद्दल लोक म्हणतात की तो माणसाला जाळतो. मला तर वाटतं त्या हिवाळ्यात मला त्यानंच जागं ठेवलं. मी रागावले नसते तर मीही ते फडकं नीट घडी करून खिळ्याला लावायला शिकले असते. आणि पुढे कधीतरी सायलीला दाखवलं असतं.

मग लोडशेडिंगची वेळ बदलली. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदाच. आता पहाटे अंधार आणि लाईन यायची ती उन्हं वर आल्यावर. म्हणजे आईंचा नेम मोडून आम्ही बायकांनी गॅसवर पातेलंभर पाणी तापवून आंघोळी उरकायच्या, आणि बाबांच्या वेळेला गिझर चालू.

पहिल्याच दिवशी मी न्हाणीच्या दाराशी उभी राहून त्यांना म्हणाले, "बाबा, आज लाईन आहे. बटन बंद करून मंग नळाले हात लावा."

"हाव," ते हसून म्हणाले. खांद्यावर पंचा होता. "तुह्या डोक्यातून जात नाही थे." आणि आत गेले. लाल दिवा तसाच चालू.

गुणगुणणं सुरू झालं आणि मध्येच तुटलं. बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यांच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. दार आपटत ते बाहेर आले. कमरेला पंचा कसाबसा धरलेला, अर्ध्या अंगाला साबण, चेहरा पांढराफट. हात पुढे धरलेला, जणू तो कोणा दुसऱ्याचा आहे. हाताला काही झालं नव्हतं. फक्त झटका बसला होता, तोच, जो आम्हाला रोज बसायचा. ते माझ्याकडे पाहत ओरडले,

"मले कोणी सांगतलं काहून नाही?"

मी हात लांब करून बटन बंद केलं. अविनाश खोलीतून धावत आला होता. तो आपल्या पायांकडे पाहत उभा राहिला.

दुपारच्या आत इलेक्ट्रिशियन आला. गिझरमधली पाणी तापवणारी काडी फुटून करंट पाण्यात उतरत होता, आणि घराला अर्थिंग म्हणून जी तार होती ती कधीच तुटून पडली होती. संध्याकाळी नवा गिझर बसला. एका दिवसात! एवढंच काम होतं ते. एक हिवाळा आणि अर्धा हिवाळा, एक मोडलेलं मनगट, आणि काम एका दिवसाचं.

मग माणसं यायला लागली. दुकानातून बातमी पसरली होती. कोणी नारळ घेऊन आलं, कोणी मारुतीचा अंगारा. आईंचा हात मोडला तेव्हा शेजारच्या दोघी जणी डोकावून गेल्या होत्या, तेवढंच. बाबा दिवाणखान्यात खुर्चीवर बसून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. नळाला हात, डोळ्यांसमोर अंधारी, मग देवानं कसं ओढून बाहेर काढलं. मी चहा करत होते. रोज.

गादीवाले हारूनभाई, बाबांचे जुने दोस्त, आले त्या संध्याकाळी आई कोपऱ्यातल्या पाटावर बसून एका हातानं लसूण सोलत होत्या. प्लास्टरचा हात मांडीवर.

"बच गये भाऊ तुम," हारूनभाई म्हणाले. "ऊपरवाले का करम."

"थे तं हायेच," बाबा म्हणाले. "पन म्या म्हणतो बरं झालं मलेच लागला. घरातल्या बायांले लागला असता, तं?"

माझ्या हातात ट्रे होता. तो मी टेबलावर ठेवला, सांडू न देता. एवढं लक्षात आहे.

"लागला होता," मी म्हणाले. "रोज लागत होता. आईंचा हात त्यानंच मोडला. तुमाले सांगतलं होतं मी, बाबा. दोनदा सांगतलं. त्या दिवशी दारात उभं राहून सांगतलं."

हारूनभाईंनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. बाबा माझ्याकडे पाहत राहिले, मग वळून आईंकडे. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "खरं सांगते काय थे? तुले लागत होता? मंग तू काहून नाही बोलली कधी?"

आईंनी हातातली लसणाची पाकळी सोलून पुरी केली. वाटीत टाकली.

"बोलली होती ना. मागच्या हिवाळ्यात. तुमी म्हणले वात आहे. तेलाची शिशी आणून देल्ली मले. आठ दिवस सवताच्या हातानं चोळून देल्लं तुमी."

 बाबांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. आणि मी, जिनं त्या बाईला महिनाभर मनातल्या मनात मुकी म्हटलं होतं, मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले. तिनं सांगितलं होतं. सांगून पाहिलं होतं. उत्तरादाखल तिला तेल मिळालं, प्रेमानं, आणि त्या प्रेमापुढे पुन्हा तोंड उघडायची सोय राहिली नाही. मग तिनं फडकं शोधलं.

बाबांनी माफी वगैरे मागितली नाही. त्या पिढीला ती येत नव्हती. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत, एवढं मी पाहिलं. आईंनीही पुढे तो विषय काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठवायला गेले तर त्या म्हणाल्या, "नाही. मी लाईन आल्यावर करन आंघोळ."

"पण तेव्हा बाबांची—"

"मी करन म्हणलं ना."

उन्हं न्हाणीच्या झरोक्यातून आत आली होती. नव्या गिझरमधलं पाणी मी बादलीभर काढलं, बटन बंद केलं, त्यांच्या प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तो हात बाहेर धरायला सांगितला. त्यांच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला तसं त्यांनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं ही बाई अंधारात, घाईनं, अंग चोरून न्हायली होती. पाठीचा कणा मोजता येत होता. मी शिकेकाई लावली, केस धुतले, पुन्हा पाणी घेतलं. टाकीतलं गरम पाणी अर्धं संपलं.

बाहेरून बाबांनी दारावर हळू टकटक केली. दुकान उघडायची वेळ झाली होती. "झालं का हो?"

"नाही," आई आतून म्हणाल्या. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "थांबा."

मग डोळे न उघडता मला म्हणाल्या, "टाक अजून."